डोहाळे कोणाचे?

‘बेबीमून’ हा शब्द मराठीत आला तो पर्यटनाच्या जाहिरातींतून. मधुचंद्राच्या चालीवर त्याला कोणी ‘बाळचंद्र’ वगैरे नाव ठेवले नाही हे एका अर्थी बरेच झाले. शब्द आहे तसाच देवनागरीत रुळला. अर्थ असा की पहिले मूल होण्याआधी, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, नवराबायकोने दोघांनीच चार दिवस कुठेतरी निवांत राहून यावे. हे ‘कुठेतरी’ बहुधा समुद्राकाठी असते. आमच्या नाशिककरांच्या बाबतीत ते गणपतीपुळे, तारकर्ली किंवा गोवा असते. ज्यांचा हात सैल आहे त्यांच्या बाबतीत अंदमान किंवा मालदीव. समुद्राची ओढ आम्हांला जरा अधिकच असावी. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. पण आमची नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून पूर्वसमुद्राला जाऊन मिळते.

आमच्या स्टाफरूममध्ये या विषयाला तोंड फुटले ते एका तरुण सहकारी प्राध्यापिकेमुळे. पाचव्या महिन्यात चार दिवस गोव्याला जाण्याचा बेत तिने सहज बोलून दाखवला आणि दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, ही पाश्चात्त्यांची थेरे. आपल्याकडे डोहाळजेवण आहे, माहेरपण आहे, ते काय कमी आहे? दुसरा म्हणाला, जग बदलले आहे, डॉक्टरांची हरकत नसेल तर तुमची का? मला नवल वाटले ते या दोन्ही पक्षांच्या एका गोष्टीवर असलेल्या एकमताचे. परंपरा एका बाजूला आणि गर्भवतीची सहल दुसऱ्या बाजूला, हे दोघांनीही गृहीत धरले होते. साहित्याच्या अध्यापकांनी तरी असे समजू नये. गर्भिणीला दूर कुठेतरी जावेसे वाटते, हे आपल्या परंपरेला पक्के ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही, किंवा मान्य नाही, ते एवढेच की ही इच्छा त्या बाईची स्वतःची असू शकते.

शब्दापासूनच सुरुवात करू. मराठी ‘डोहाळा’ प्राकृत ‘दोहल’ आणि संस्कृत ‘दोहद’ या वाटेने आला. वैद्यकाने त्याचा संबंध दोन हृदयांशी जोडला. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून त्या अवस्थेतील स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात. तिच्या इच्छा अव्हेरल्या तर अपत्यात व्यंग निर्माण होते, असे तिथे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीही डोहाळा न पुरवल्यास गर्भाला दोष लागतो असे बजावते. कल्पना काव्यमय आहे यात शंका नाही, पण तिच्यातला हिशेब नीट पाहावा. बाईच्या मनात जे येते ते दुसऱ्या हृदयाचे मागणे, म्हणून ते पुरवायचे. तिला आंबट हवे असेल तर ते आतल्याला हवे आहे. इच्छेला मान आहे, इच्छा करणारीला तो मान उसना मिळाला आहे. परमानंदाच्या ‘शिवभारता’त जिजाऊंचे डोहाळे आहेत ते गडांचे, हत्तींवर आरूढ होण्याचे, सिंहासनाचे. वाचताना आपण भारावतो. पण ते डोहाळे म्हणजे पुत्राच्या भविष्याची प्रस्तावना आहे. त्या धामधुमीच्या वर्षांत, शिवनेरीवर, त्या स्त्रीला स्वतःला काय हवेसे वाटत होते, हा प्रश्न त्या काव्याचा नव्हेच.

डोहाळजेवणाचे प्रकार आठवावेत. झोपाळ्यावरचे, बागेतले, चांदण्यातले, आणि होडीतले. हे सगळे बाहेरचे आहे. बाग, चांदणे, पाणी. आणि ते सगळे दिवाणखान्यात उभे केलेले असते. पुठ्ठ्याचा चंद्र, थर्मोकोलची नाव, खाली निळे कापड. फुलांचे दागिने घालून ती त्या नावेत बसते, भोवती सुवासिनी गातात, आणि नाव जागची हलत नाही. मला हा विधी आवडतो. त्यातली बायकांची एकमेकींशी असलेली जवळीक खरी असते. पण ज्या समाजाने गर्भवतीसाठी नाव कल्पिली त्याला तिची प्रवासाची ओढ माहीत नव्हती, असे कसे म्हणावे? (‘अशी ही बनवाबनवी’मध्ये, १९८८ साली, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या ‘पार्वती’चे डोहाळे साजरे होताना सबंध महाराष्ट्र हसला. पोटात काहीच नसताना सोहळा यथासांग पार पडू शकतो, हे त्या प्रसंगाने किती सहज दाखवले!)

नवऱ्यासाठीही नियम आहेत. गर्भिणीच्या पतीने काय करू नये, याची एक यादी धर्मनिबंधांत येते: समुद्रस्नान, झाड तोडणे, क्षौर, प्रेत वाहणे आणि परदेशगमन. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर तो बिचारा गुडघाभर पाण्यात उतरला तरी नियम मोडला. या यादीकडे मी हसून पाहत नाही. या काळात पुरुषाने दूर जाऊ नये, जोखमीची कामे अंगावर घेऊ नयेत, घरात असावे, असा तिचा साधा अर्थ लावता येतो. चार दिवस बायकोसोबत राहणारा आणि आपला फोन बंद ठेवणारा नवरा या यादीच्या शब्दाविरुद्ध असेल, हेतूविरुद्ध नाही.

आता सीता. एम.ए.च्या वर्गात ‘उत्तररामचरित’चा विषय निघाला की आपण करुण रसावर येतो आणि तिथेच थांबतो. पहिला अंक मात्र एका सहलीच्या बेतावर उभा आहे. घरातील वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्राला गेलेली आहेत. सीतेला नेलेले नाही, कारण तिचे दिवस भरत आले आहेत. इतक्या अवघडलेल्या बाईने लांबचा प्रवास करू नये हा शहाणपणा भवभूतीच्या काळीही होता. अष्टावक्र त्यांचा निरोप घेऊन येतो. त्यात अरुंधती आणि राजमाता रामाला बजावतात की हिला जो डोहाळा होईल तो ताबडतोब पुरवावा. मग लक्ष्मण चित्रे दाखवायला घेऊन जातो. त्या चित्रांत भागीरथी आहे, जनस्थान आहे, पंचवटी आहे. म्हणजे आमचेच गाव! शूर्पणखेचे चित्र पाहून ती दचकते. आणि एवढे सगळे दुःख पुन्हा पाहूनही तिच्या मनात येते ते हे की त्या शांत वनांत पुन्हा हिंडावे, भागीरथीच्या पाण्यात उतरावे.

राजवाड्यातल्या बाईला अरण्य का हवे? याचे उत्तर नाटकात न सांगता दिसते. अरण्यात ती आणि राम होते. राजवाड्यात राम राजा आहे. तो लक्ष्मणाला रथ तयार करायला सांगतो आणि तो धक्के न बसता सुखाने चालणारा असावा असेही सांगतो. सातव्या महिन्यानंतर कसारा घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकाला हीच सूचना मिळत असते. सीता म्हणते, तुम्हीही यायचे. तो म्हणतो, हे काय सांगायला हवे? मग ती त्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपते, दुर्मुख येतो, आणि तोच रथ तिला सोडून यायला कामी येतो.

वाल्मीकींच्या उत्तरकांडातही हेच आहे. राम विचारतो, तुला काय हवे. ती म्हणते, गंगेकाठची तपोवने पाहायची, एक रात्र तरी तिथे राहायचे. निघताना ती ऋषिपत्नींना द्यायला वस्त्रे आणि अलंकार बरोबर घेते. सामान बांधणाऱ्या सीतेची ही नोंद मला त्या कांडातील सर्वांत असह्य जागा वाटते. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गात तिचा आनंदच पुढे ठेवला आहे, पती आपले मन राखतो आहे म्हणून ती सुखावलेली आहे. गदिमांच्या ‘गीतरामायणा’त (पुणे आकाशवाणी, १९५५-५६) डोहाळ्यांच्या गीताच्या लगेच पुढचे गीत म्हणजे तिने लक्ष्मणाला विचारलेला प्रश्न. तीन भाषांतरे म्हणा, तीन वाचने म्हणा, एका मुद्द्यावर कोणीही ढळत नाही: तिला टाकण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागले नाही, तिची इच्छाच पुरली. डोहाळा पुरवला गेला. शास्त्राप्रमाणे गर्भाला दोष लागला नाही. लव आणि कुश अव्यंग जन्मले.

स्टाफरूममधल्या पहिल्या पक्षाला माझे उत्तर हे आहे. ‘आपल्याकडे डोहाळे पुरवतात’ हे वाक्य उच्चारताना डोहाळे कोणाचे, हे विचारून घ्यावे.

पण दुसऱ्या पक्षालाही इतक्या सहज सोडता येत नाही. ‘बेबीमून’ या शब्दाशी ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर यांचे नाव जोडले जाते आणि त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ बाळंतपणानंतरच्या दिवसांचा होता. आईबापांनी बाळाला घेऊन, लोकांची वर्दळ टाळून काढलेले निवांत दिवस. म्हणजे जवळपास आपला सव्वा महिना, फक्त त्यात नवऱ्यालाही जागा. पर्यटन व्यवसायाने तो शब्द उचलून बाळंतपणाच्या अलीकडे आणून ठेवला. कारण उघड आहे. सव्वा महिन्याच्या खोलीत विकण्याजोगे फारसे काही नसते; शेक, शेगडी, डिंकाचे लाडू. समुद्रकिनारा मात्र रात्रीच्या दराने विकता येतो. त्यात ‘शेवटची संधी’ हा धाक घातला की बेत पक्का. मग पोटावर हात ठेवून सूर्यास्तासमोर उभे राहायचे छायाचित्र येते. ते छायाचित्र आणि थर्मोकोलची नाव यांत फार अंतर आहे असे मला वाटत नाही. दोन्हींत तिने सजून स्थिर बसायचे असते. आमच्या सहकारी मैत्रिणीला मी विचारले, तिथे जाऊन काय करणार? ती म्हणाली, “मॅडम, झोपणार. सकाळी कोणी चहा मागणार नाही.” हा डोहाळा कोणत्याच संहितेत नाही.

आणि या विश्रांतीची किंमत कोण भरणार? २०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिलाभ कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. बहुतेकजणी ते आठवडे वाचवून बाळासाठी ठेवतात, म्हणजे पुन्हा दुसरे हृदयच. तासिका तत्त्वावर शिकवणारीचा हिशेब तर तासावर चालतो. तास बुडाला की पैसे बुडाले. २०१७ सालच्याच प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये मिळू लागले. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई व्हावी आणि बाईला प्रसूतीच्या आधी व नंतर पुरेशी विश्रांती घेता यावी, असा हेतू त्या योजनेत शब्दशः नोंदला आहे. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला येणाऱ्या बाईने ५,००० रुपयांत किती महिने बसून राहावे, याचे गणित सरकारी कागदावर कोणी मांडून दाखवलेले नाही. समुद्र तिच्या गावाहून आमच्यापेक्षा जवळ आहे. तिच्या बाबतीत ‘थेरे’ हा शब्द कोणी वापरत नाही, कारण ती जाणारच नसते.

‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक पंचवटीतच घडतो. बारा वर्षे लोटलेली असतात, मुलांचा बारावा वाढदिवस असतो. सीता अखेर त्या वनांत परत येते, गोदावरीच्या काठी, भागीरथीच्या वराने अदृश्य होऊन. सोबत तमसा नदी आहे. मुले वाल्मीकींकडे आहेत. राम समोर आहे, आणि त्याला ती दिसत नाही.