हरलेल्याची सही

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकला. तिचे डाव जगभर अभ्यासले जातात. आमच्या कारंजा (घाडगे) सारख्या गावातील दोन हौशी खेळाडूंचा स्पर्धेतील डाव कोण वाचणार?

ओट्यावरच्या खेळात चाल परत घेता येते. स्पर्धेत हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, प्रत्येक चाल स्वहस्ते लिहावी लागते आणि अखेरीस निकालाखाली दोघांनीही सही करायची असते. हरणाऱ्याची ही सही आम्हांस मोलाची वाटते. आम्ही साहित्याचे अध्यापक इतरांच्या चुका उत्साहाने नोंदवतो. स्वतःच्या चुकीखाली सही क्वचितच करतो. तो कागद हरलेल्याने जपावा. पुढचा डाव त्यातूनच सुधारतो.