गाठ काढण्याआधी

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला मान्यता मिळाली, तोवर हर-टू पॉझिटिव्ह स्तनकर्करोगाचा अहवाल हातात आला की डॉक्टरांचाही धीर खचत असे. ज्या गाठीत हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात तो आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले होते. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजेच ट्रॅस्टुझुमॅब, पुढे औषध म्हणून आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला.

आपल्याकडे पुढची अनेक वर्षे किमतीने वाट अडवली. २०१४ मध्ये बायोकॉनचे बायोसिमिलर बाजारात आले, मग इतरांचीही आली. तरी वर्षभराचा कोर्स कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला आजही जड जातो. ब्रिटनमधल्या पर्सेफोनी चाचणीत चार हजारांवर स्त्रियांमध्ये सहा महिन्यांचा कोर्स वर्षभराच्या तोडीचा ठरला. फ्रान्समधल्या फेअर चाचणीला मात्र तसे सिद्ध करता आले नाही. म्हणून वर्ष हेच प्रमाण धरावे. पण पैसे पुरणार नाहीत म्हणून औषध सुरूच न करणे आम्हाला चुकीचे वाटते.

आज आम्हाला लिहायचे आहे ते पैशाचा प्रश्न येण्याआधी जे बिघडते त्याबद्दल. छातीत गाठ घेऊन बाई तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये येते. ‘साधीच दिसते’ म्हणून गाठ काढली जाते. ती सलाईनमध्ये, कधी स्पिरिटमध्ये टाकून नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी एसटीने जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोहोचते. निदान कर्करोगाचे होते, पण पेशींमधले प्रथिन खराब झालेले असते. हर-टूची चाचणी त्यावर विश्वासाने करता येत नाही. खोटा निगेटिव्ह अहवाल त्या बाईला औषधापासून कायमचा तोडतो. खोटा पॉझिटिव्ह आला तर तिच्या हृदयाला विनाकारण धोका आणि घराला कर्ज.

नियम अवघड नाहीत. ऊतक काढल्यापासून तासाभरात ते दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेले पाहिजे आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहिले पाहिजे. फॉर्मॅलिन ऊतकाच्या निदान दहापट हवे. फॉर्मॅलिन आत मुरते ते तासाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे अख्खा स्तन न कापता बरणीत ठेवला तर बाहेरचा थर टिकतो आणि आतली गाठ, जी आपल्याला हवी असते, तीच नासते. मोठा नमुना थिएटरातच, कडा शाईने रंगवून, गाठीपर्यंत कापावा. तो कसा कापायचा हे आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून एकदा शिकून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे संशयित गाठ थेट काढूच नये. आधी ट्रू-कट बायोप्सी करावी. एफएनएसीवर इथे भागत नाही. ट्रू-कटचे बारीक तुकडे लगेच आणि नीट फिक्स होतात, आणि दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत पसरली असेल, तर हर-टू आजारात औषध आधी आणि शस्त्रक्रिया नंतर हा आता रुळलेला मार्ग आहे. औषधाने गाठ किती विरघळली हे त्यातून कळते. आजार शिल्लक राहिला तर पुढचे औषध बदलता येते; तसे केल्याने आजार उलटण्याचा धोका पुन्हा निम्मा होतो, हे कॅथरीन चाचणीने दाखवले आहे. गाठ आधीच काढून टाकली की ही सारी माहिती गेली. मग सर्वांत कुशल ऑन्कोलॉजिस्टलाही ती परत मिळवता येत नाही.

आयएचसीवर २+ आले तर फिश चाचणी झालीच पाहिजे. ‘संदिग्ध’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी इको करावा. एवढे तर सर्वांना माहीत आहे.

आमची विनंती सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांनाही आहे. स्तनाच्या प्रत्येक नमुन्याच्या फॉर्मवर दोन वेळा लिहा: ऊतक शरीराबाहेर आले ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये गेले ती. वेळ नसलेला फॉर्म आला तर पॅथॉलॉजिस्टने लगेच फोन करून विचारावे, आणि सर्जनने त्याचा राग मानू नये.