उपास धरलाय का सर?

राळेगणसिद्धीला मी पहिल्यांदा गेलो तो विद्यार्थी म्हणून. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी गेलो तो राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे घेऊन. या दोन फेऱ्यांच्या दरम्यान माझे वजन बासष्ट किलोंवरून एकशे चोवीसवर गेले आणि तिथून ब्याऐंशीवर उतरले. पहिल्या प्रवासाला दोन तपे लागली. परतीच्या प्रवासाला चौदा महिने आणि पुण्यातल्या एका रुग्णालयातले तीन दिवस.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मुलांनी नालाबंडिंग पाहिले, यादवबाबांच्या देवळात जाऊन आली, आणि दुपारी एका घरी पंगत बसली. पिठले, बाजरीची भाकरी, ठेचा. वाढणाऱ्या मावशी माझ्यापाशी आल्या तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला आणि "मला नुसतं ताक द्या" म्हणालो. भाकरीचा घास आजही मला फार सावकाश खावा लागतो. पंगतीच्या वेगाने खाल्ला तर छातीत अडकतो आणि उठून मोरीकडे धावावे लागते. मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि आदराने विचारले, "उपास धरलाय का सर?"

मी "हो" म्हणालो.

मग जे व्हायचे तेच झाले. दहा मिनिटांत भगर आणि दाण्याची आमटी यांनी भरलेले ताट समोर आले. नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पण जीभ अजून वळत नाही) उपासाच्या माणसाला उपाशी ठेवण्याची पद्धत नाही. चार चमच्यांनंतर ते ताट मी शेजारच्या विद्यार्थ्याकडे सरकवले आणि त्याने गुरूची अब्रू राखली. पण ते खोटे माझ्या मनात राहिले. "माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय, मला थोडंच जातं" हे एक वाक्य सांगायला मी का कचरलो? आणि कचरलो तो नेमका या गावात का?

या प्रश्नाचे उत्तर माझ्या स्वभावात आहे तितकेच ते आपल्या भाषेत आणि वाङ्मयातही आहे, असे मला वाटते.

राळेगण हे अण्णा हजारे यांचे गाव, म्हणजे उपोषणाचे गाव. ऑगस्ट २०११मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णांचे वजन आज किती उतरले, हे सारा देश रोज ऐकत होता. उतरलेला प्रत्येक किलो हा सरकारवरचा नैतिक दाब होता. २८ ऑगस्टला ते उपोषण सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही सार्वजनिक पुरुष. एकाच्या उतरत्या वजनापुढे लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या उतरत्या वजनावर आमच्या प्राध्यापक-कक्षात विनोद झाले. मीही त्यात होतो, तेव्हाच्या माझ्या एकशे अठरा किलोंसकट. वजनाच्या काट्याला दोन्ही सारखेच. फरक पडतो तो भुकेच्या स्थानामुळे. उपोषणात भूक हजर असते आणि माणूस तिला नकार देतो. तो नकार हेच त्याचे मोल. शस्त्रक्रियेत भूकच कमी केली जाते, मग नकार द्यायला उरते काय? सोसलेल्या भुकेला आपण नमस्कार करतो आणि भागवलेल्या भुकेला हसतो. काढून टाकलेल्या भुकेचे काय करायचे, हे मात्र आपल्याला उमगत नाही. म्हणून आपण तिला 'शॉर्टकट' म्हणतो.

मराठी साहित्यात याचे पडसाद शोधायला फार लांब जावे लागत नाही. भुकेचे लेखन आपल्याकडे गंभीर आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) घ्या, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' घ्या. भाकर हा तिथे अस्तित्वाचा प्रश्न आहे. लठ्ठपणा मात्र आपण विनोदी लेखकांकडे सोपवून दिला. चिं. वि. जोशींच्या सडपातळ चिमणरावाशेजारी आडदांड गुंड्याभाऊ उभा राहिला की निम्मा विनोद तिथेच होतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' तर वजन उतरवण्याच्या खटपटीवरच आहे. मी तो वर्गात कितीदा तरी शिकवला आणि एकशे चोवीस किलोंचा मास्तर तो वाचतो आहे या दृश्यामुळे विद्यार्थ्यांना जो जादा आनंद व्हायचा, तोही उदारपणे होऊ दिला. पुलंबद्दल तक्रार नाही. स्वतःवर हसणारा निवेदक कुणावर अन्याय करत नाही. पण त्या हसण्यापलीकडे, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभे राहून गार पोळी खाणाऱ्या माणसाला मराठीत आवाज नाही. दारिद्र्यातल्या भुकेला करुणा मिळते, खात्यापित्या घरच्या भुकेला फक्त उपदेश.

आता त्या भुकेबद्दल. १९९९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी 'घ्रेलिन' नावाचे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. माझ्यावर झाली ती 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'. हिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उभा कापून काढतात, आणि घ्रेलिनचे मोठे कोठार नेमके त्याच भागात असते. हे सारे मी आधी वाचले होते. तरी ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, दुपारचे दोन वाजून गेले आणि मला जेवणाची आठवण झाली नाही, तेव्हा मी खुर्चीत बसून रडलो. आनंदाने नव्हे. तीस वर्षे ज्याला मी माझ्या चारित्र्यातला दोष समजत होतो, दर नव्या वर्षी ज्याच्याशी लढून फेब्रुवारीत हरत होतो, तो बराचसा एका पिशवीतला स्राव होता. ही सुटका खरी. पण त्या तीस वर्षांच्या अपराधीपणाची भरपाई कोण करणार?

राळेगणच्या देवळात १९८०मध्ये धान्य बँक सुरू झाली. सुगीत धान्य ठेवायचे, दुष्काळात गरजूला द्यायचे. शरीरातली चरबी ही अशीच धान्य बँक आहे. पारनेर तालुक्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या ती नीट चालली तेच जगले. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आईने खडी फोडून सुकडी खाल्ली, रेशनची मिलो ज्वारी खाल्ली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे कमी वजनाची, हडकुळी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना आढळले. पुढे २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तोच, पण चरबी ब्रिटिश डॉक्टरच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या अंगात २१.२ टक्के. ते पान मी कित्येकदा पाहिले आहे. आईची भूक आणि माझे वजन यांना मी एकमेकांचे विरुद्धार्थी शब्द समजत होतो. ती एकाच हिशेबवहीतली जमा आणि खर्च असावीत, असे आता वाटते.

(शस्त्रक्रिया सर्वांनी करावी असे मी म्हणत नाही. तिला निकष आहेत, धोके आहेत, खर्च मोठा आहे. आणि आता भूक मंदावणारी इंजेक्शनेही २०२५पासून भारतात आली आहेत. म्हणजे 'शॉर्टकट'चा आरोप सहन करणाऱ्यांची संख्या वाढणार.)

चेष्टेचे एक प्रकरण २०१७मध्ये मुंबईत घडले. महापालिका मतदानाच्या दिवशी एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून लेखिका शोभा डे यांनी 'हेवी' बंदोबस्तावर कोटी केली. तो माणूस मुंबईचा नव्हताच. ते मध्य प्रदेशातले निरीक्षक दौलतराम जोगावत होते. आपले वजन अतिखाण्याने नव्हे तर आजाराने वाढले आहे, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. पुढे मुंबईतच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, वजन उतरले आणि वर्तमानपत्रांना 'आधी' व 'नंतर'चे फोटो मिळाले. गोष्टीचा शेवट गोड झाला असे सगळ्यांनी मानले. मला मात्र त्या खुलाशाचा त्रास होतो. खादाडपणामुळेच वजन वाढले असते, तर ती कोटी रास्त ठरली असती का?

आणि हे 'आधी-नंतर'चे फोटो! राळेगणलाही पाहुण्यांना हेच दाखवतात : आधी उजाड डोंगर आणि दारूच्या भट्ट्या, नंतर पाणी आणि झाडी. दोन्ही खरे. पण बांधात साचणारा गाळ दर काही वर्षांनी काढावा लागतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही. माझे 'नंतर'ही तसेच आहे. रोजच्या गोळ्या, ब-१२, लोह. चौथ्या महिन्यात मूठमूठ गळालेले केस. दंडाखाली लोंबणारी कातडी, जिच्यामुळे मी अजूनही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. श्रीखंडाचे चार चमचे जास्त झाले की येणारा घाम आणि धडधड. वजनाचा काटा गेल्या वर्षभरात चार किलो वर सरकला आहे. डॉक्टर म्हणतात, होते असे. गावाकडचे नातेवाईक भेटले की हळू आवाजात "काय झालं रे? शुगर का?" विचारतात, कारण आपल्याकडे वाळलेला माणूस आजारी आणि भरलेला माणूस सुखी. सहकारी विचारतात, "काय करता सर?" आणि मी सांगतो, "रोज पाच किलोमीटर चालतो." चालतो हे खरे आहे.

या डिसेंबरात पुन्हा शिबिर आहे. पंगत बहुधा त्याच घरी असेल. मावशींना मी आठवत असेन तर उपासाचा माणूस म्हणूनच आठवत असेन. आणि तारीख पाहिली तर या वेळी वार बुधवार आहे.