उद्या एकच नसतो

भविष्य सांगणे आणि भविष्याचा विचार करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपल्याकडे पंचांग आहे, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातले राशिभविष्य आहे आणि दूरचित्रवाणीवर शेअर बाजाराचे तज्ज्ञही आहेत. दुसरीला मात्र आपल्या व्यवहारात फारशी जागा मिळत नाही. अर्थकारणात तिची गरज किती, हे समजून घ्यायचे तर एका तेल कंपनीची कहाणी पाहण्याजोगी आहे.

१९७० च्या सुमाराला खनिज तेल स्वस्त होते आणि कित्येक वर्षांत भाव फारसे हलले नव्हते. मागच्या वर्षांची रेघ पुढे ओढायची की झाले नियोजन, असा तो काळ. रॉयल डच शेलच्या लंडन कचेरीत नियोजनाचे काम पाहणाऱ्या पिएर वॅक या फ्रेंच गृहस्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. अमेरिका, युरोप, जपान यांची तहान वाढतेच आहे. पण ज्या देशाला आलेला पैसा खर्च करायलाही वाव नाही, तो आणखी तेल उपसेल कशाला? त्याच्या दृष्टीने जमिनीतले तेल हीच उत्तम मुदत ठेव! या विचारातून त्यांनी एकाऐवजी अनेक उद्यांची चित्रे रेखाटली आणि १९७२ मध्ये ती कंपनीच्या वरिष्ठांपुढे मांडली. त्यांतल्या एका चित्रात तेलाचे भाव भडकलेले होते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले आणि जानेवारी १९७४ पर्यंत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून अकरा डॉलरच्या पुढे गेला. युद्धाची तारीख वॅक यांना ठाऊक नव्हती. परंतु हे वादळ चार दिवसांत ओसरणारे नाही, हे ओळखण्याची मनाची तयारी शेलमध्ये झालेली होती.

ही पद्धत समजावताना वॅक आपल्या गंगेचाच दाखला देत. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस कोसळला, तर काही दिवसांनी पूर आधी ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग काशीला पोचणार. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पाऊस पडून गेलेलाच असतो. म्हणजे उद्याचे दोन भाग करायचे: जे आजच ठरून गेले आहे ते, आणि जे खरोखर अनिश्चित आहे ते. पहिल्याची तजवीज करायची आणि दुसऱ्यासाठी दोन-तीन चित्रे मनाशी बाळगायची.

अर्थात, ही काही जादूची कांडी नव्हे. १९९५ मध्ये ‘ब्रेंट स्पार’ ही तेल साठवण्याची निकामी टाकी अटलांटिकच्या तळाशी बुडवण्याचा बेत शेलला लोकांच्या संतापामुळे सोडून द्यावा लागला. ज्या कंपनीने तेलाच्या भावाची चित्रे काढली, तिला सामान्य माणसाचा राग नीट दिसला नाही. चित्र कोण काढतो, यावर त्यात कोण दिसणार हे ठरते.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पाच वर्षांचे पाच रकाने असत आणि विक्रीचा आकडा जिना चढावा तसा चढत जाई. तिसऱ्या वर्षी मोठे गिऱ्हाईक तुटले, असे लिहिलेला एकही रिपोर्ट मला आठवत नाही. पुढे कादंबऱ्या लिहू लागल्यावर गंमत वाटली. सगळे पात्राच्या बेताबरहुकूम घडणारी कादंबरी कोणी दहा पानांपुढे वाचणार नाही. तशाच मजकुरावर कर्जे मात्र मंजूर होतात.

पण उद्योगपतीकडे निदान चार्टर्ड अकाउंटंट असतो. घरासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाकडे कोण असते? मे २०२२ च्या आरंभी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. पन्नास लाखांचे, वीस वर्षांचे कर्ज घ्या. सात टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये येतो. साडेनऊ टक्क्यांनी तोच ४६,६०७ होतो. गंभीर बाब अशी, की साडेनऊ टक्क्यांनी पूर्ण पन्नास लाखांवरचे एका महिन्याचे नुसते व्याजच ३९,५८३ रुपये होते. म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही, मग मुद्दल कोठून फिटणार? अशा वेळी हप्ता न वाढवता मुदत वाढवली, की वाढलेला बोजा आज दिसत नाही. तो निवृत्तीनंतरच्या वर्षांत जाऊन बसतो. चाळिशीतला कर्जदार वीस वर्षांनी साठीचा होणार, हे मात्र पहिल्या दिवशीच ठरलेले असते. गंगेच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस तो हाच.

दर पुढे २०२५ मध्ये उतरले, हेही खरे. पण ते उतरणार हे सही करताना कोणाला माहीत होते? बदलत्या व्याजदराच्या कर्जात अनिश्चिततेचे ओझे बँकेकडून कर्जदाराकडे सरकते आणि ते पेलण्यासाठी नियोजन विभाग नसलेला असा या व्यवहारात तोच एकटा असतो. दर बदलल्यास हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल, हे मंजुरीच्या वेळीच सांगावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावले. ठीकच झाले. परंतु नुसत्या आकड्यांनी भागत नाही, निर्णय घेणाऱ्याच्या मनातले चित्र बदलावे लागते, हा वॅक यांचा अनुभव इथेही लागू पडतो. रकाना कागदावर आला. तो वाचण्याइतका वेळ मागून घेणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एखाद्या रविवारी घरातल्या सर्वांनी बसून एका कागदावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे ठरलेल्या गोष्टी: मुलांची बारावी कोणत्या साली, निवृत्ती केव्हा, आई-वडिलांची वये. उजवीकडे न ठरलेल्या: नोकरी, व्याजदर, आजारपण. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा, ‘हे बिघडले तर आपण पहिल्या महिन्यात काय करू?’ जिथे उत्तर सुचणार नाही, तिथे सही करायची घाई करू नये.