दगडावरचं झाड आणि आमची ब्रेकिंग न्यूज

विहिरीतून निघालेल्या दगडावर काळं 'झाड' दिसलं, की मांजरसुंबा परिसरात तासाभरात मेसेज फिरतो: 'कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जीवाश्म सापडलं!' मग भाव सांगणारे येतात, हळद-कुंकू वाहणारेही येतात. येत नाही तो फक्त दगड कळणारा माणूस. कारण त्याला कुणी बोलावतच नाही.

मित्रांनो, बहुतेक वेळा ते झाड नसतं. त्याला डेंड्राइट म्हणतात. खडकाच्या बारीक चिरेत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज आणि लोह तिथं साचत जातं आणि फांद्यांसारखी नक्षी उमटते. निव्वळ खनिज आहे ते.

ओळखायचं कसं? साधं भिंग घ्या. पानाला मधली शीर असते, तिला शिस्तीत उपशिरा फुटतात, पानाला कड असते. डेंड्राइटला शीर नाही, कड नाही. ते बहुधा चिरेच्या काठापासून सुरू होतं आणि वाट मिळेल तिकडं पसरतं.

आणि आपला बालाघाट कशाचा आहे? लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हजार अंशांच्या रसात नेच्याचं कोवळं पान शाबूत राहील का, तुम्हीच सांगा. खरे जीवाश्म मिळतात ते लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांच्या गाळात. नागपूरजवळची टाकळी त्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला तर जीवाश्म उद्यानच आहे. तिथला खडक मात्र गाळाचा.

कुणी म्हणेल, लोकांनी कौतुक केलं तर बिघडलं काय? बिघडतं. एक तर गरीब माणूस 'लाखाचा दगड' म्हणून फसतो. दुसरं म्हणजे, उद्या घाटाच्या कटिंगमध्ये खरोखर गाळाचा थर निघाला, तर लांडगा आला रे आला म्हणून कुणी फिरकणार नाही. तो थर थेट भरावात जाईल.

पत्रकार बांधवांनो, हे आपल्यावर आहे. अपघाताची बातमी आपण पोलिसांना विचारल्याशिवाय देतो का? मग दगडाची का देतो? बीडला भूजल सर्वेक्षण यंत्रणेत भूवैज्ञानिक बसतात. एक फोन करा. दगड फोडू नका, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा. बातमी एक दिवस उशिरा गेली तरी चालेल. कोट्यवधी वर्षं थांबलेला दगड एक दिवस नक्की थांबेल.