थोरल्या टायरचा मोह

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. अमेरिकेत ते सहा चाकांवर असते. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, पाण्याची टाकी, छपरावर गारव्याचे यंत्र, आणि घरमालक स्वतःच ड्रायव्हर! आमच्या भाच्याने २०२२ साली असे एक जुने मोटार-घर विकत घेतले आणि पुढल्या वर्षीच्या ऑगस्टात आम्हा उभयतांना नि ताईला त्यात घालून मिनेसोटाहून यलोस्टोन पाहायला नेले. भाचा, सून, दोन मुले मिळून आम्ही सातजण. पल्ला सुमारे हजार मैलांचा. यलोस्टोनचे वर्णन येथे करीत नाही. ते उद्यान १८७२ साली झाले आणि तेव्हापासून लोक ते करीतच आहेत. मला सांगायचे आहे ते टायरविषयी.

दिवाळीच्या अंकात टायर! असे म्हणून पान उलटू नका. तुमची लेक, जावई, पुतण्या, कोणीतरी तिकडे असेलच, आणि एखाद्या उन्हाळ्यात ते तुम्हाला अशा घरात बसवतील. तेव्हा खिडकी कोणाला, हा वाद घालण्याआधी जरा खाली वाकून चाके पाहा.

दक्षिण डाकोटातून जाणाऱ्या हमरस्त्यावर २०१५ पासून ताशी ८० मैलांची मुभा आहे. भाचा साठाच्या वर जात नव्हता, ही आमची पुण्याई. दुपारचे दोन वाजले होते, ऊन मी म्हणत होते. एकाएकी मागे सुतळी बाँब उडावा तसा आवाज झाला आणि पाठोपाठ कोणी मोगरीने जमीन बडवावी तसा धडधडाट सुरू झाला. भाच्याने एक गोष्ट शहाणपणाची केली: ब्रेकवर पाय मारला नाही. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी आपोआप मंदावू दिली आणि मग कडेला घेतली. उतरून पाहतो तो मागच्या डाव्या जोडचाकांतले आतले चाक फाटलेले. टायरच्या वरच्या थराचा हातभर पट्टा सुटून चाबकासारखा फिरला होता. त्याने मोरीचा नळ उखडला होता आणि स्वयंपाकघराच्या जमिनीला वीतभर भोक पाडले होते. त्या भोकावर, तासाभरापूर्वीपर्यंत, धाकटी नात बसकण मांडून चित्रे रंगवीत होती.

त्या रात्री सून भाच्याला एवढेच म्हणाली, "चाकांचं नीट काय ते होईपर्यंत मी पोरांना घेऊन या गाडीत बसायची नाही." ती ओरडली असती तर बरे झाले असते.

वाटेत दोन टायर नवे टाकून आम्ही प्रवास कसाबसा पुरा केला. जुन्यांच्या खाचा पाहाल तर अगदी नव्यासारख्या खोल. भाचा हेच पुन्हा पुन्हा सांगत होता, "मामा, गोटा झालेला नव्हता हो टायर!" नव्हताच. पण टायरच्या गालावर डी.ओ.टी. अशी अक्षरे असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. ते त्याची जन्मपत्रिका. आमच्या फाटलेल्या टायरवर २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचे रबर! टॅक्सीचे टायर झिजून मरतात. मोटार-घराचे म्हातारपणाने मरतात, कारण ते वर्षातले दहा महिने अंगणात उन्हात उभे असते. पाच वर्षांनंतर दरसाल जाणकाराला दाखवावेत आणि दहाव्या वर्षी खाचा कितीही शाबूत असोत, काढून टाकावेत, असे टायर करणारेच सांगतात.

घरी आल्यावर सहाही टायर बदलायचे ठरले, आणि तेथून खरी कथा सुरू होते. भाच्याच्या मनाने घेतले की आता थोरले टायर टाकायचे. थोरला टायर म्हणजे मजबूत टायर, हे त्याचे गणित. दुकानदारही हो म्हणाला. दुकानदार कशाला नाही म्हणेल?

गाडीचे मूळ टायर २२५/७५ आर १६ या मापाचे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरांत, दुसरा गालाची उंची रुंदीच्या शेकडा किती ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. भाच्याला हवे होते २३५/८५ आर १६. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मूळ टायरची उंची ७४४ मिलिमीटर, नव्याची ८०६. म्हणजे शेकडा आठांहून अधिक वाढ. आता स्पीडोमीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजीत नाही. काटा साठावर असेल तेव्हा गाडी पासष्टाने धावत असणार, दुरुस्त करून घेतला नाही तर. सबंध घर सव्वा इंचाने उंच होणार, म्हणजे पुलाखालून जाताना पाहायची ती उंचीची चिठ्ठी बदलायला हवी. चढावर इंजिनाला जास्त जोर पडणार. शिवाय पुढचे चाक पुरते वळवले की कुठे घासते का, ते पाहणे आलेच. आणि स्टेपनी? तीही नव्या मापाची हवी, कारण जोडचाकांत एक उंच नि एक ठेंगणे बसवले तर सगळा भार उंचावर पडतो.

मोठी मेख होती ती वेगळीच. मागे दोन-दोन चाके एकमेकांना लागून असतात. त्यांच्यामध्ये वारा खेळायला फट लागते. टायर दहा मिलिमीटरांनी रुंद झाला की फट तेवढ्याने कमी. भाराखाली टायरचे गाल फुगतात; ते एकमेकांना घासू लागले की तापतात, आणि तापलेला टायर काय करतो ते आम्ही पाहिलेच होते. प्रत्येक मापाच्या टायरला जोडीत किमान किती अंतर हवे, ते कंपनीच्या तक्त्यात छापलेले असते. भाच्याने गाडीखाली शिरून मोजले. तक्त्यातला आकडा आणि टेपवरचा आकडा यांचा मेळ बसेना.

मग तो २१५/८५ कडे वळला. हा उंच पण सडपातळ, त्यामुळे फटीची अडचण नाही. पण पेलायची ताकद? तक्ता पाहिला तर ८० पौंड हवेला जोडीतल्या एका टायरमागे २४७० पौंड. मूळ टायरइतकीच, रतिभर जास्त नाही. नुसती उंची वाढणार.

"म्हणजे गाडीला भार किती आहे ते पाहायला हवं," मी म्हणालो. आजवर ते कोणी पाहिलेच नव्हते! पेट्रोल किती, पाणी किती, सगळ्याला काटे. वजनाला मात्र अंदाज. प्रवासाला निघताना होते तसे सगळे सामान पुन्हा भरले, टाक्या भरल्या, आणि काट्यावर गेलो. आधी सबंध मागचा आस तोलला, मग काटेवाल्याच्या परवानगीने एकच बाजू. मागचा आस ९४०० पौंड. दारावरच्या पाटीवरल्या मर्यादेच्या आत, म्हणून भाचा खूष झाला. पण डावी बाजू ५०२०, उजवी ४३८०! डावीकडच्या दोन टायरांची ताकद ४९४०. म्हणजे पूर्ण हवा असतानाही ८० पौंड जास्त. आणि हवा पूर्ण होती कुठे? गाडी धक्के खाते म्हणून भाचा ६५ पौंडांवरच ठेवीत असे. हवा कमी की ताकद कमी, हे तक्ता स्पष्ट सांगतो. त्यातून जोडीतल्या आतल्या चाकाची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही; शेजारचे मुकाट्याने दोघांचे ओझे वाहते. हवा घटल्याचा दिवा लागण्याची सोय अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सर्व नव्या लहान मोटारींना सक्तीची झाली, पण ती दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाड्यांना. आमचे घर त्याहून जड.

डावीकडेच एवढा भार का? फ्रिज डावीकडे, शेगडी डावीकडे, चाळीस गॅलनांची पाण्याची टाकी डावीकडे. पाणीच दीडशे किलो भरते. आणि ताईने भारतातून आणलेला खलबत्ता, पिठांचे डबे, भाच्याची लोखंडी हत्यारे, हेही सगळे डाव्याच कप्प्यांत, कारण दार उजवीकडे आणि कप्पे मोकळे डावीकडे.

थोरला टायर टाकून पाटीवरली मर्यादा वाढत नाही, हे भाच्याला या काट्यावर पटले. स्प्रिंगा त्याच, ब्रेक तेच. त्याने मूळ मापाचेच सहा टायर घेतले, त्याच वर्षी तयार झालेले, गालावरचे आकडे स्वतः वाचून. व्हॉल्व्ह धातूचे बसवले, आतल्या चाकापर्यंत पोचेल असा लांब मानेचा हवेचा काटा घेतला, हवा दाखवणारे यंत्र पदरचे पैसे टाकून लावून घेतले. धक्के बसतात, बसोत.

उरले डाव्या बाजूचे. टाकी पाव भरायची ठरली. मुक्कामाच्या जागी पाणी मिळतेच. हत्यारे उजवीकडे गेली. डबे निम्मे झाले. खलबत्त्यावर मात्र अडले. ताई म्हणाली, "मिक्सरमध्ये दाण्याचं कूट तेल सोडतं." शेवटी सुनेने तो उचलून उजव्या कप्प्यात, चादरीत गुंडाळून ठेवला.

पुन्हा काट्यावर गेलो. डावी बाजू ४७२०. सुनेने ती चिठ्ठी भाच्याच्या हातून घेतली, दोनदा वाचली, पर्समध्ये ठेवली, आणि मुलांना हाक मारली.