वाढत्या अंगाचे बूट



मागच्या रविवारी पाठशाळा सुटायच्या आधी मी मंदिराच्या पायरीशी उभी होते. धाकट्याचा एक बूट सापडेना, म्हणून ढिगातला एकेक बूट उचलून बघत होते. एकात बोटांच्या जागी वर्तमानपत्राचा बोळा निघाला. दुसऱ्यात कापूस. तिसऱ्यात काही नव्हतं, पण मागची टाच दाबून दाबून चपलेसारखी सपाट केलेली. म्हणजे त्या पोराचा पाय आत मावत नाही आणि तो कुणाला सांगत नाही. किंवा सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

चामड्याचा मात्र एकही जोड नव्हता. आधी मला अभिमान वाटला. घरी येईपर्यंत तो उतरला.

कारण दुकानात गेल्यावर आपण नेमकं काय विचारतो? "चामडं नाही ना?" दुकानदार म्हणतो, "नाही ताई, पूर्ण रेक्झिन." झालं, आपला धर्म पाळला गेला. मग दुसरं वाक्य ठरलेलं: "वाढत्या अंगाचे द्या हो, एवढ्यात लहान होतात." ज्या पायात ते बूट जाणार त्या पायाबद्दल एक शब्द नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्याची आपल्याला काळजी आहे, ती असायलाच हवी. पण समोर स्टुलावर बसलेल्या जिवंत मुलाच्या कातड्याची नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण लिहिणार आहे.

पहिला दगड माझ्यावरच. थोरली तिसरीत जाताना मी तिला दोन नंबर मोठे बूट घेतले, साडेनऊशे रुपयांचे. "दोन वर्षं बघायला नको" असं यजमानांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पहिलं वर्ष ती ते बूट ओढत चालली. मैदानावर दोनदा पडली, आम्ही तिला धांदरट म्हणालो. मधले काही महिने बूट बरोबर बसले असतील. मग ते घट्ट झाले, पण दोन वर्षं पुरी व्हायची होती ना! शेवटी अंगठ्याचं नख मांसात रुतलं आणि पू झाला. डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "बूट आणलेत का?" मी आणले नव्हते. दुसऱ्या दिवशी नेले. त्यांनी बुटात हात घातला, बोट पुढे टेकवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यापेक्षा बोलले असते तर परवडलं असतं.

"दोन नंबर मोठे" म्हणजे किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक इंग्लंडचे नंबर चालतात. त्यात एका नंबरचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून कधी कधी गोंधळ होतो. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर, आणि तेही चालायला लागणारी मोकळी जागा सोडून. शाळकरी मुलाचा पाय वर्षात साधारण एक नंबर वाढतो. अगदी लहान, चालायला लागलेल्या मुलांचा याहून झपाट्याने. म्हणजे मी माझ्या मुलीला तिच्या दोन वर्षांनंतरच्या पायाचे बूट घातले होते. तिला पुढच्या-पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊन "वाच" म्हटलं असतं का मी?

"मग काय दर चार महिन्यांनी बूट घ्यायचे? पैसे झाडाला लागलेत का?" हे वाक्य मला हळदीकुंकवात, फोनवर आणि स्वतःच्या घरात, तिन्हीकडे ऐकायला मिळालं. हिशेब करूया. साडेनऊशेचा जोड दोन वर्षं, म्हणजे वर्षाला पावणेपाचशे. आता मी पावणेचारशेचा साधा जोड मापाने घेते. तो साधारण नऊ महिने जातो, म्हणजे वर्षाला पाचशे. फरक पंचवीस रुपये. डॉक्टरांची फी, मलम आणि शाळेचे बुडालेले चार दिवस यात धरलेच नाहीत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झालाय. त्याआधी हजाराच्या आतल्या जोडावरही १२ टक्के होता.

आणि पैशांचंच म्हणाल, तर लग्नातल्या दोन तासांसाठी सात वर्षांच्या मुलीला घागऱ्यावर मॅचिंग, टाचेच्या, खड्यांच्या सँडल घेताना कुणी "झाडाला लागलेत का" विचारत नाही. त्या सँडल परत कधी निघतात? पुढच्या लग्नात, तोवर लहान झालेल्या असतात. रोज सहा तास घालायच्या बुटाला काटकसर आणि फोटोपुरत्या सँडलला सढळ हात. अपरिग्रह म्हणायचं तर एक मापाचा जोड म्हणजे अपरिग्रह. कपाटात चार जोड आणि एकही धड न बसणारा, याला मी दुसरं काहीतरी म्हणते.

आता मुद्द्याचं. चामडं न वापरणाऱ्या घराने मापाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. चामड्याचा बूट वापराने थोडा सैलावतो, पायाचा आकार घेतो, घाम थोडाफार शोषतो. रेक्झिन यातलं काहीच करत नाही. पहिल्या दिवशी जिथे चावतं तिथे ते सहाव्या महिन्यातही चावतं. "घालून घालून सैल होईल" हे आपल्या आजोबांच्या काळातलं, चामड्याच्या पायताणाचं ज्ञान आहे. आपण पायताण सोडलं आणि ज्ञान तेवढं जपून ठेवलं! आपल्या व्रतामुळे आलेली गैरसोय आपण सोसायची की मुलाच्या अंगठ्याने सोसायची?

रुंदीचंही तसंच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने (नावावर जाऊ नका) देशभरातल्या लाखभर लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा आपले पाय परदेशी मापांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. म्हणून तर आपण लांबीला मोठा बूट घेतो, कारण रुंदीला बरोबर असलेला लांबीला घोळतो. अशा वेळी नंबर वाढवू नका, बूट बदला. पुढून गोल, बोटं पसरता येतील असा मागा. लेस किंवा वेल्क्रो हवंच. नुसते पाय सरकवायचे बूट पायात टिकवायला मुलं बोटं आकसून चालतात.

माप घरीच घ्यायचं, आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच टेकवून, मोजे घालून, मुलाला कागदावर उभं करायचं. बसवून नाही, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही, माझ्या धाकट्याचं शेजारचं बोट लांब आहे. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा, त्यात साधारण एक सेंटिमीटर मिळवायचा आणि तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून पर्समध्ये टाकायची. दुकानात ती बुटाच्या आत घालायची. वाकली तर बूट लहान. पट्टीपुढे बोटभर जागा उरली तर मोठा. आतली गादी निघत असेल तर ती काढून त्यावर मुलाला उभं करा, डोळ्यांनाच दिसतं. वरून अंगठा दाबून बघण्यावर विसंबू नका, मुलं आपोआप बोटं आत घेतात. आणि "टोचतंय का रे?" हा प्रश्न तर विचारूच नका. टाचेत लाल दिवा लुकलुकणारा बूट पायात असताना कुठलं पोर "हो" म्हणेल?

दर तीन महिन्यांनी पट्टी तपासायची. मी अष्टमीला करते, म्हणजे लक्षात राहतं.

थोरल्याचे बूट धाकट्याला देण्याबद्दल माझं मत अनेकींना आवडणार नाही. कपडे द्या, पुस्तकं द्या, दप्तर द्या. वर्षभर घासलेला बूट पहिल्याच्या पायाचा झालेला असतो. टाच एका बाजूला झिजलेली, गादीत त्याच्या बोटांचे खड्डे. उलटा करून तळ बघा. तळाची नक्षी शाबूत असेल तर जरूर द्या, नसेल तर नको.

चामडं ओळखण्याबद्दल एवढंच, की वरचा भाग रेक्झिनचा असला तरी अस्तर किंवा गादी चामड्याची असू शकते. काही बुटांवर आतल्या बाजूला छोटी चित्रं असतात. ताणलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, नुसता चौकट-हिरा म्हणजे इतर कृत्रिम माल. कातड्याच्या आत हिरा असेल तर ते वरून थर दिलेलं चामडंच, फसू नका. एका शाळेने काळे चामड्याचेच बूट हवेत असा आग्रह धरला होता. आम्ही तिघी आया साधा अर्ज घेऊन गेलो. पंधरा दिवसांत "काळा, कुठलाही" असं झालं. आमच्याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

आता मोठ्यांचा आक्षेप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, महाराज रणरणत्या उन्हात अनवाणी विहार करतात, आणि तुम्हाला पोरांच्या बुटांचं कौतुक!" काकूंविषयी मला आदर आहे, पण हे मला मान्य नाही. बावीस परिषहांत चर्या आहे, तृणस्पर्श आहे. महाराज ते सहन करतात, कारण त्यांनी सगळं समजून उमजून दीक्षा घेतली. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने कुठलं व्रत घेतलं होतं? स्वतःहून सोसलं तर तप. दुसऱ्याला, त्यातही ज्याला नाही म्हणता येत नाही अशाला सोसायला लावलं, तर त्याला आपल्या शास्त्रात वेगळं नाव आहे. रत्नकरंड श्रावकाचारातले अहिंसाणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत. त्यांत बंधन आहे, पीडन आहे. आपल्याला ते शिकवले गाई-बैलांच्या आणि नोकरमाणसांच्या संदर्भात. आपल्या ताब्यातला, आपल्यावर अवलंबून असलेला जीव असा मी त्याचा अर्थ घेते. तसा घेतला की सगळ्यांत आधी घरातलं मूलच दिसतं. (अतिभारारोपणही त्याच यादीत आहे. दप्तराबद्दल पुन्हा कधीतरी.)

घरात मात्र पोरांना खुशाल अनवाणी फिरू द्या, पायाला चांगलंच असतं. तिथे काकूंचं बरोबर आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आपलं महिला मंडळ दरवर्षी जूनमध्ये एका शाळेत बूटवाटप करतं. गेल्या वर्षी मीही होते. साठ जोड, घाऊक दराने, तीनच नंबरात. मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि वाटले. फोटो छान आले. ऑगस्टमध्ये काही कामाने त्या शाळेत गेले, तर निम्मी मुलं पुन्हा जुन्या स्लिपरवर. एका मुलीला विचारलं, "बूट कुठं गेले गं?" ती म्हणाली, "घरी हाईत, दादाला बी बसंनात." दिलेलं दान त्या घरात कुणाच्याच पायात जात नव्हतं, आणि आमच्या अहवालात साठ लाभार्थी लिहिलेत. तो अहवाल मीच लिहिला होता.

यंदा बैठकीत मी म्हटलं, आधी मापं घेऊया, मग खरेदी. उत्तर आलं की इतकं कोण करणार, घाऊकवाला नंबर बदलून देत नाही, आणि "फुकट मिळतंय त्यात माप कसलं बघायचं!" हे शेवटचं वाक्य ज्यांचं, त्यांच्या नातवाचे बूट ऑनलाइन मागवून दोनदा परत पाठवलेले मला माहीत आहेत. घाऊकवाल्याशी मी बोलले आहे. आधी नंबरवार यादी दिली तर तो त्याच दरात नऊ नंबरांत माल द्यायला तयार आहे. फक्त यादी मेअखेर हवी आणि शाळा एप्रिलअखेर बंद होते. म्हणजे मापं त्याआधीच घ्यायला हवीत, आणि पाय सुट्टीतही वाढणार, म्हणून थोडी जास्त जागा धरायची.

साठ मुलं, दोन पाय, एका मुलाला दोन मिनिटं. चौघी असलो तर एका शनिवारच्या सकाळी होतं. कागद आणि पेन्सिली मी आणते. पुठ्ठा प्रेसमधून मागितलाय, फुकट मिळेल. आतापर्यंत मी आणि माझी जाऊ अशा दोघी आहोत. आणखी दोघी हव्यात.